बोरीला जाऊन-येऊन

प्रिय श्रेया,

फोनवर बोलता येईना म्हणून लिहायला बसले. फोन कायम आप्पांच्या खिशात, आणि माझ्या हातात आला की लगेच स्पीकरवर. तू "बोल ना आई" म्हणतेस आणि माझं तोंड उघडायच्या आत आप्पा मधेच बॅटरीचं सुरू करतात. तुझ्या त्या इलेक्ट्रिक गाडीनं या घरात नुसता उच्छाद मांडलाय, आणि गाडी अजून घेतलेलीसुद्धा नाही. सावळेराम उद्या कांदा घेऊन पुण्याला निघालाय, त्याच्याजवळ शेवग्याच्या शेंगा देते. पिशवीत शेंगांच्या खाली हे पत्र आहे. पिशवी तूच उघड, भरतरावांना उघडायला देऊ नकोस.

मुळात चूक तुझी आहे, स्पष्टच सांगते. "आप्पा, तुम्हाला गाड्यांतलं कळतं, जरा चौकशी करून ठेवा," असं तू बोललीस. म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून बोललीस, ते मला कळलं. त्यांना नाही कळलं. त्या दिवसापासून माणूस घरात टिकेल तर शपथ. कांदा बराखीत भरायचा पडलाय, गवारीला पाणी द्यायचं राहिलंय, आणि हे आळेफाट्याला मेहबूबभाईंच्या गॅरेजात ठाण मांडून बसलेले. मेहबूबभाईंनी आपली जीप इतकी वर्षं चालती ठेवली, पण ते पडले डिझेलवाले. बिचारे म्हणतात, "भाऊ, इंजिन असंल तर मला इचारा, बॅटरीतलं मला काय बी कळत न्हाई." तरी हे रोज जाणारच. मग तिथं चहाला टेकलेला प्रत्येक ड्रायव्हर आपलं ज्ञान पाजळतो. एक म्हणतो बॅटरी उन्हात पेटते, दुसरा म्हणतो आठ वर्षांनी भंगार. ते सगळं ओझं आप्पा संध्याकाळी माझ्यासमोर आणून ओततात. मी भाकरी थापत हूं हूं करते.

मागच्या आठवड्यात मलाही मंचरच्या एका शोरूमला नेलं. तिथं गेल्या गेल्या त्या विकणाऱ्याला पहिला प्रश्न काय, तर यात पाणी कधी घालायचं. घरच्या इन्व्हर्टरला हे दर महिन्याला डिस्टिल वॉटर घालतात ना, तसंच. तो हसून म्हणाला, काका, हिला पाणी लागत नाही. झालं. येताना एसटीत अख्खा रस्ताभर, "जिला पाणीच लागत न्हाई ती कसली बॅटरी?" पुढच्या सीटवरची माणसं मान वळवून बघायला लागली, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता तिथं काय कळलं ते ऐक, म्हणजे फोनवर आप्पा काय सांगतात त्याचा तुला अर्थ लागेल. मोठ्या बॅटरीची गाडी पुण्याहून बोरीला येऊन त्याच चार्जिंगवर परत पुण्याला पोचते. पण ती मिळेल दिवाळीनंतर, आणि तेही नक्की सांगता येत नाही म्हणे. दुसऱ्या कंपनीची लगेच मिळते, तर तिचं दुरुस्तीचं दुकान आपल्या भागात कुठंच नाही. लहान बॅटरीची एक पांढरी गाडी मात्र समोर उभी आहे. कुणीतरी बुकिंग केलं आणि सोडून दिलं. रविवारपर्यंत सांगितलं तर आपली, नाहीतर जाईल. ती एसी लावून बोरीला आरामात येईल, पण परतताना खेडच्या पुढं तिला दम लागेल. फाट्यावर एका हॉटेलाच्या अंगणात चार्जिंगचं मशीन आहे, त्याच्या भरवशावर राहू नकोस. आप्पा येता-जाता बघतात, कधी बंद असतं, कधी त्यावर हॉटेलवाल्यानं पंचे वाळत घातलेले असतात. म्हणून आप्पांचा हुकूम आहे की थांबायचं, पण मोठीच घ्यायची, पोरगी नातीला घेऊन रस्त्यात अडकायला नको. भरतरावही म्हणतात आप्पा म्हणतील ते. मीही फोनवर सगळ्यांच्या देखत मोठीच घ्या म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

भरतरावांना मोठीच हवी, कारण त्यांना इथं मुक्काम करायचा नसतो. दोन वर्षांपूर्वी बिबट्यानं आपल्या अंगणातून काळू कुत्र्याला उचलून नेलं, तेव्हापासून तुम्ही एक रात्र बोरीला राहिलेले नाही. दुपारचे चार वाजले की ते किल्ली हातात घेतात. त्यांना दोष देत नाही मी. अक्षदा चार वर्षांची, तिला मोकळ्या अंगणात खेळायची सवय, बापाचा जीव घाबरणारच. मीसुद्धा दिवस कलल्यावर उसाच्या कडेला गवताला जात नाही. पण आता घराभोवती उंच जाळी झाली, दाराला ग्रिल झालं, मोठा दिवा झाला. तरी तुमचं आपलं चार म्हणजे चार. दारात येता, जेवता, भाजी बांधून घेता आणि जाता. पावणे बरे, ते निदान चहाला तरी निवांत बसतात.

आणि आप्पांचं डोकं कसं चालतं बघ. जाळीच्या आत ओट्यावर प्लग बसवायचं सोडून यांनी जानकू वायरमनला नेलं थेट विहिरीवर. मोटरीच्या खोलीत गाडीचा प्लग! का, तर तिथं थ्री फेज आहे. शेतीची लाइट एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री असते, तर श्रेयाला दिवसपाळीच्या आठवड्यातच बोलवायचं, असं यांनी कॅलेंडरवर पेननं गोल करून ठेवलं होतं. दिवाळीनंतरचे एकाआड एक सगळे रविवार! जानकूनं कपाळाला हात लावला. म्हणाला, "आप्पा, शेतीच्या लाइनीवर गाडी लावली तर सायब आधी माझ्या घरी येत्याल." आणि विहीर कुठं, तर उसाला चिकटून, जिथं तो बिबट्या बसतो. जावई तिथं गाडी लावायला जाणार का, असं विचारलं तर मलाच म्हणतात, तुला टेक्निकल कळत नाही. मी त्या दिवशी इतकी भडकले की कालवणात मीठ टाकायचं राहिलं, आणि तसंच वाढलं. दुसऱ्या दिवशी प्लग घरच्या मीटरवरून ओट्यावर आला.

तू म्हणशील आई नुसती कुरकुर करतेय. करतेय खरी. पण बाई, मला राग बॅटरीचा नाही. पाडव्याला आलात तेव्हा तू मोरीत तोंड धुवायला गेलीस ती किती वेळ बाहेर आलीच नाहीस. नळ चालू होता. आलीस तेव्हा डोळे लाल, आणि मी बघितलं तर म्हणालीस, साबण गेला. तुझं जेवण अर्ध्यावर आलंय. पुरणपोळीला तू कधी नको म्हणालीस का? मी तुला बराखीकडं घेऊन जाणार होते, काय झालं ते विचारणार होते, तेवढ्यात आप्पांनी भरतरावांना बॅटरीची गॅरंटी विचारली, अक्षदा पडली, भाजी बांधायची राहिली, आणि चार वाजले. गाडी वळली तेव्हा तू काचेतून हात केलास आणि लगेच तोंड फिरवलंस. तेव्हापासून मला घास गोड लागत नाही. फोनवर विचारावं तर स्पीकर.

म्हणून हे लिहितेय. तू लहान बॅटरीची घे. शनिवारी फोन करून तूच आप्पांना सांग की आम्हाला थांबायला जमत नाही, ती पांढरी गाडी पक्की करतोय. ते चिडतील, त्यांचं मी बघते. परवा ते फाट्याला गेलेले असताना जानकू आला होता. म्हणाला, "काकू, मीटरचा लोड वाढवून मोठं चार्जर लावू, गाडी तीन-चार तासांत भरंल, चार वाजता पावणं मोकळं." मी त्याला चहा पाजला आणि म्हटलं, राहू दे बाबा, आहे तो साधा प्लगच बरा. साध्या प्लगवर गाडी भरायला पार सकाळ होते, हे मी त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं. म्हणजे तुम्हाला राहावंच लागेल. आप्पा आणि भरतराव पुढच्या खोलीत बॅटरीवर बोलत बसतील, अक्षदा झोपेल, आणि तू माझ्याजवळ निजशील. मग काय झालंय ते सांग. भरतरावांचं असेल तर तेही सांग, नोकरीचं असेल तर ते, आणि सांगावंसं नाही वाटलं तर नुसती झोप, मी विचारणार नाही.

तुझीच,
आई