पायात दोरा बांधलेली मुनिया

माय,

तुझा तो पाखरंवाला खोटारडा आहे, हे मी तुला पहिल्या दिवसापासून सांगत होते. तू ऐकलं नाहीस. बुधवार बाजारात तो बांबूच्या पिंजऱ्यात लाल मुनिया कोंबून बसायचा आणि तू दर एकादशीला त्याच्याकडून एक पाखरू विकत घेऊन सोडायचीस. सोडण्याआधी त्याच्या पायात मागावरचा पिवळा दोरा बांधायचीस, गाठ दातानं आवळून. मी विचारलं, हा दोरा कशाला? तू म्हणालीस, "वरती बसला हाय त्याले समजलं पाहिजे ना वं, कोणी सोडलं ते." मी नन्सच्या शाळेत शिकलेली, तोंडाची फटकळ. म्हटलं, "त्याचे डोळे इतके अधू असतील तर तुझं पुण्य त्याला काय दिसणार?" तू सुताच्या कांड्या भरायचं चाक थांबवलं नाहीस. फक्त म्हणालीस, "मदरनं तुले इंग्रजी शिकवलं, तोंड सांभाळाले नाई शिकवलं."

विणकराच्या मुलीला कॉन्व्हेंटात फुकट जागा मिळवून द्यायला तू त्याच मदरच्या दारात किती खेटे घातले होतेस, ते मला माहीत होतं. म्हणून त्या दिवशी गप्प बसले. गप्प बसण्याचं आणखी एक कारण होतं. मी कॉलेजात एम.एस्सी. करत होते आणि माझ्या प्रबंधाचा विषय लाल मुनियाच होता. पाखरं मीही त्याच माणसाकडून घेत होते. पोरगी पाखरांचा अभ्यास करते एवढं तुला ठाऊक होतं. अभ्यासानंतर पाखराचं काय होतं ते तू विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही. माझ्या बोटांना पेशी रंगवायचा लाल रंग लागलेला असायचा, अंगाला त्यातल्या आम्लाचा आंबूस वास. "लोनचं नासल्यावानी वास येऊन राहिला तुया अंगाले," म्हणून तू मला मोरीकडे ढकलायचीस. बस, तेवढंच.

मी सूक्ष्मदर्शकाखाली काय बघत होते ते आज नीट सांगते. प्रत्येक पेशीत गुणसूत्रं असतात आणि ती जोडीनं असतात, एक आईकडचं, एक बापाकडचं. पाखरांची गुणसूत्रं मोठी वैतागवाणी. थोडी ठसठशीत, बाकी सगळी राईच्या दाण्यांसारखी बारीक. माझे मार्गदर्शक सर म्हणायचे, चित्रात मोठी तेवढी काढा, बाकीची धूळ समजा. मी मोठीच काढत होते. पण नराच्या वृषणातल्या पेशींमध्ये मला दर वेळी एक जादा दिसायचं. मोठं, गडद, एकटं. बाकीची जोड्या जमवून उभी आणि हे जोडीदाराशिवाय बाजूला. पुढच्या टप्प्यावर तर पेशी त्याला चक्क बाहेर टाकून द्यायची. आणि त्याच पाखराच्या हाडातला मगज काढून काचेवर दाबला, तर तिथं त्याचा पत्ता नाही.

सर म्हणाले, रंगाचा गोळा आहे. मी रंग गाळला, पुन्हा गाळला. गोळा तिथंच. मग म्हणाले, बाजारातलं पाखरू आहे, आजारी असेल. मी म्हटलं, "सर, हा कचरा अवयव बघून बसतो का? वृषणात बसतो आणि हाडात बसत नाही?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "कॉन्व्हेंटमध्ये भरतकाम फार शिकलात वाटतं. नसलेला टाकाही दिसतो तुम्हाला." बरोबरचे मुलगे हसले. आजही माझे कान तापतात, माय. भरतकामात मी नापास होत असे, हे त्यांना सांगायचं राहूनच गेलं.

तो छप्पन सालचा, नागपूरची राजधानी जाण्याचा पावसाळा होता. सगळं शहर तोंड पाडून बसलेलं, सरकारी कचेऱ्यांत सामानाची बांधाबांध चाललेली, आणि सरांनाही बदलीचा हुकूम आलेला. जाण्याआधी त्यांनी मला अट घातली. एकच पाखरू, त्याचे दोन्ही अवयव, रंग माझा, काच माझी, आणि सगळं माझ्यासमोर. दिसलं तर लिहा. नाही दिसलं, किंवा पाखरू आणता आलं नाही, तर ते चित्र प्रबंधातून काढून टाका, मग सही करतो. अट न्याय्य होती, हे मी कबूल करते. पण पाऊस सरत आला होता. नराचा लाल रंग उतरू लागला की आतलंही सगळं आटतं आणि मग पुढच्या पावसाळ्यापर्यंत बघण्यासारखं काही उरत नाही. पाखरंवाल्याकडे पुरता लाल असा एकच नर होता. मी पिंजरा घेऊन निघाले आणि सीताबर्डीच्या रस्त्यावर माझं लक्ष त्याच्या पायाकडे गेलं. पिवळा दोरा होता.

मी कॉलेजकडे वळले नाही. पाचपावलीला घरी आले. बाहेरच्या खोलीत बाबांचा माग खटखटतो आहे, तू चुलीपुढं भाकर थापते आहेस. मी पिंजरा तुझ्यासमोर ठेवते. तू पाखराच्या पायाकडे बघतेस आणि तुझा हात परातीतच थांबतो.

"हा तं माया दोरा हाय."

"तुझाच आहे. तू सोडतेस, तो संध्याकाळी जाळं टाकून पुन्हा धरतो. पंख कातरलेलं पाखरू जाऊन जाऊन जाईल कुठं?"

तू पिठाच्या बोटांनी पिंजरा स्वतःकडे ओढलास. मग म्हणालीस, "अन् तू काय करते याचं?"

मी शास्त्रातले शब्द वापरून सांगू लागले. तू मला मध्येच तोडलंस. "मारते म्हन ना. अवघड काहून बोलून राहिली?"

"मारते."

"कशापायी?"

मग मी साध्या शब्दांत सांगितलं. आत धाग्यांसारखं काही असतं, जोडीजोडीनं. त्यात एक एकटा धागा मला दिसतो. सर म्हणतात तो कचरा आहे, पुसून टाक, नाहीतर सही मिळणार नाही.

"तुले दिसला?"

"दर वेळी."

"त्यानं पाह्यला?"

"नीट नाही."

"एवढी पाखरं मारली," तू म्हणालीस, "अन् जे दिसलं ते पुसून टाकते म्हनते? मंग मारलीच काहून वं?"

तू हात पदराला पुसलेस, पिंजऱ्याचं दार उघडलंस आणि पाखरू मुठीत धरलंस. दातानं बांधलेली गाठ दातानंच सोडवलीस आणि दोरा चुलीत टाकलास. "घे. हे आता माया पुन्यातलं नाई. तुया कामातलं हाय. पन जे दिसन ते सारं काढजो. मास्तरच्या भेवानं एकबी सोडलं तं या घरात पाय ठेवू नको." तव्यावर भाकर जळत होती. तू ती उलटलीस, पाहिलीस आणि म्हणालीस, "हे जळकी तूच खाजो."

दुसऱ्या दिवशी सर स्वतः रंग टाकतात, स्वतः अंगठ्यानं काच दाबतात. डोळा लावून बसतात ते उठतच नाहीत. मग म्हणतात, "आहे." दुसरी काच ठेवतात, हाडाच्या मगजाची. "नाही." पुन्हा पहिली. रुमालानं चष्मा पुसतात आणि हळूच म्हणतात, "आहे खरं. पण लिहू नका. लोक हसतील." मी म्हणते, "हसून झालंय, सर." त्यांनी सही केली. शब्द पाळला, हे मान्य. फक्त चित्राखाली आपल्या अक्षरात एक ओळ घातली: बहुधा रंगाचा दोष. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवलं. मला दुसरा वर्ग मिळाला, संशोधनाची जागा हसणाऱ्यांपैकी एकाला मिळाली आणि मी निवृत्त होईपर्यंत पोरांना बेडूक फाडायला शिकवत राहिले.

त्याच आठवड्यात तू बाजारात जाऊन पाखरंवाल्याची काढलेली खरडपट्टी मात्र मी जन्मात विसरणार नाही. "काहून गा, मायं पुन्य कितीदा इकलं तू?" तो निर्लज्ज हसून म्हणाला, "बाई, पाखरू हाय, तुमच्यावर जीव लागला, येते वापस." तू म्हणालीस, "मंग आन तुया पाय. तुयाच पायात दोरा बांधते, पाहू कुठवर उडतं ते." सगळा बाजार हसला. त्यानंतर तू पाखरं घेणं सोडलंस. पुण्याचं काय केलंस ते मी विचारलं नाही.

आता मी नागपूरच्या टोकाला, बेसा भागात एका इमारतीत राहते आणि भिंग घेऊन वाचते. परवा माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीनं परदेशातून एक लेख पाठवला. गाणाऱ्या पाखरांच्या कुळात हे जादा गुणसूत्र सगळीकडे सापडतं आहे. चिमणीत आहे, बुलबुलात आहे, दयाळात आहे. कावळाही याच कुळातला, हे ऐकून तू हसली असतीस. पोपटात नाही, कबुतरात नाही. कुठल्या पाखरात मोठं, कुठल्यात ठिपक्याएवढं. या कुळाच्या मूळ पूर्वजात ते कधीतरी आलं आणि पिढ्यान्‌पिढ्या वाढत, आक्रसत, बदलत राहिलं. बाकीचं अंग ते टाकून देतं, फक्त पुढची पिढी घडवणाऱ्या पेशी ते जपतात. नर तर ते बाहेरच फेकतो, म्हणून ते येतं बहुतेक आईकडूनच. फार फुगू नकोस, हे पाखरांपुरतं आहे. लेखात पुढं लिहिलंय की गेल्या शतकाच्या अखेरपर्यंत हे कुणाच्या नजरेला पडलं नाही. तिथं मी भिंग आपटलं.

कॉलेजात फोन केला. प्रबंध रद्दीत गेला म्हणे. तिथला बाबू म्हणाला, "मॅडम, इतकं जुनं कोन ठेवते?" मी म्हटलं, "पाखरं ठेवतात." त्याला कळलं नाही. हरकत नाही. मी नवी शाई आणली आहे. ते चित्र मला डोळे मिटूनही दिसतं. जोड्या सगळ्या, आणि बाजूला ते एकटं, गडद. खाली कुणाचीही ओळ नसेल. ते घेऊन मी स्वतः कॉलेजात जाणार आहे आणि कुणीतरी नीट बघेपर्यंत खुर्चीवरून उठणार नाही.

हे पत्र कुठं टाकायचं ते मला ठाऊक नाही, म्हणून चित्रासाठी आणलेल्या कागदांखाली सरकवून ठेवते. एक गोष्ट तेवढी राहिली. तू फसू नयेस म्हणून मी पिंजरा घरी आणला, असं इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले. तसं नव्हतं. तू दोरा बघशील, रडशील, पाखरू हिसकावून घेशील, आणि मग चित्र पुसायला मला तुझं कारण मिळेल, अशी आशा धरून मी आले होते. जन्मभर तुझ्यावर चिडायला मोकळी झाले असते. तू तेवढीही सोय ठेवली नाहीस, माय.