कडमतच्या पाण्यात उतरण्यापूर्वीची वाटणी

मी, हौशीराम सोमाजी थोरवे, वय वर्षे अडुसष्ट, पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त, राहणार निमगाव सावा, तालुका जुन्नर, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. मी नशापाणी करीत नाही. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला नारायणगावच्या डॉक्टरांनी दिला आहे. दाखला कशासाठी हवा, असे त्यांनी विचारले, तेव्हा समुद्रात तोंड घालून मासे बघायला जायचे आहे, असे मी सांगितले. त्यांनी मला पुन्हा एकदा तपासले आणि मगच सही केली.

मृत्युपत्र आत्ताच करण्याचे कारण असे की, दिवाळीनंतर आम्ही घरचे लोक मुंबईहून बोटीने गोव्याला आणि तेथून लक्षद्वीपातील कडमत बेटाला जाणार आहोत. मला पोहता येत नाही. सगळी नोकरी पाण्यावर झाली, पण ती काठावरून.

१. हे कलम वाटणीचे नाही. वकिलांनी ते गाळायला सांगितले होते. मी ठेवले आहे, कारण त्याशिवाय पुढचे काही समजणार नाही.

माझी पत्नी कुशाबाई गेल्या वर्षी चैत्रात वारली. तिच्या गळ्यात माळ होती. मासा तिने जन्मात खाल्ला नाही, पण घरात केबल आल्यापासून दुपारी जेवण झाले की ती समुद्राखालचे मासे बघत बसे. "आवो, ही लोकं नुसती नळी तोंडात धरून वरून बघत्यात. एकदा जाऊ की आपण," असे ती म्हणे. मी हो म्हणत असे आणि बाहेर जात असे.

तिचा दहावा ओझरला कुकडीच्या घाटावर झाला. पुढाऱ्यांची भाषणे झाली, प्रवचन झाले, पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. थोरल्या गोरखने तिची गाय सांभाळीन म्हणून सांगितले. धाकट्या गोकुळने तिच्या नावाने शाळेला पाण्याची टाकी देतो म्हणून सांगितले. कावळे झाडावरून बघत राहिले. ऊन चढले. माझे चुलतभाऊ सावळेराम भुकेला कच्चे आहेत. ते सर्वांदेखत ओरडले, "हौशा, तू बोल की लेका काय तरी! तुझ्यात आडकलाय जीव तिचा!"

मला चारचौघांत बोलण्याची सवय नाही. मी एवढेच म्हणालो, "कुशा, बोटीनं जाऊन मासे बघायचं राहिलं. आम्ही सगळे जाऊन बघून येऊ."

कावळा लगेच खाली आला.

जेवणाच्या पंगतीत सावळेराम माझ्या शेजारी बसले आणि विचारू लागले, "सगळे म्हंजी आमी बी आलो ना?" संध्याकाळपर्यंत भावकीतली सगळी घरे बोटीवर यायला निघाली होती. ज्याचे भाडे त्याने भरायचे, हे कळल्यावर ती हळूहळू उतरली. सावळेराम व त्यांच्या पत्नी लंकाबाई ही दोघे तेवढी राहिली.

२. माझे दोन्ही मुलगे एकमेकांशी बोलत नाहीत. गोकुळला आळेफाट्यावर ठिबक सिंचनाचे दुकान टाकायचे होते, तेव्हा त्याने गोरखने वाढवलेल्या बैलजोडीतला एक बैल बेल्ह्याच्या बाजारात नेऊन विकला. दोन्ही विकले असते तर गोरखने एखादे वेळेस माफ केले असते. उरलेल्याला एकट्याला जुंपता येईना आणि त्याच्या उंचीचा दुसरा मिळेना. ही गोष्ट १९९८ सालची आहे. तेव्हापासून दोघांचे निरोप त्यांची आई नेत असे. ती गेल्यावर हे काम माझ्याकडे आले. गोरखची बायको, माझी सून वृषाली हिने पहिल्याच दिवशी सांगितले, "नाना, मी काय पोस्टमन न्हाई." मी मुळात कमी बोलतो. त्यामुळे गेल्या दीड वर्षात बरेच निरोप पोहोचलेले नाहीत. माझ्यामागे तर निरोप न्यायला कोणीच नाही.

गोरख म्हणतो, "त्यो आला तर मी येत नाय." गोकुळचेही म्हणणे तेच आहे. मी घाटावर "सगळे" म्हणालो होतो.

३. राहते घर, मळा व विहीर दोन्ही मुलांना निम्मे निम्मे. जो बोटीवर येईल त्यालाच हिस्सा मिळेल, असे मला लिहायचे होते. वकील म्हणाले, "नाना, माशाची अट कोर्टात टिकत नाही." मी म्हणालो, "मग कशाची टिकते?" ते म्हणाले, "आता तुम्ही घरी जा." म्हणून येवो वा न येवो, हिस्सा ज्याचा त्याला मिळेल.

४. किरकोळ वस्तू. टीव्ही गोरखची मुलगी, माझी नात श्रेया हिला. कालव्यावर वापरलेली मोठी बॅटरी गोकुळला, कारण त्याला रात्री-अपरात्री यावे लागते. गाय गोरखकडे आहेच. माझी काळी छत्री सावळेराम यांना. ती १९९४ पासून त्यांच्याकडेच आहे. आता ती कायद्याने त्यांची झाली, म्हणून त्यांनी मला बघून ती पाठीमागे लपवणे थांबवावे.

५. मी निघण्याआधीच गेलो तर प्रवास रद्द करू नये. थांबे मी स्वस्तात पडतील असे ठरवले आहेत, ते तसेच पाळावेत.

(क) बोटीवर जेवण भाड्यातच आहे. त्यामुळे किनाऱ्यावर उतरण्यापूर्वी पोटभर जेवून घ्यावे आणि किनाऱ्यावर काही विकत घेऊ नये. सोबत भाकरी व ठेचा असावा. श्रेयाने शहाळे मागितले तर घ्यावे.

(ख) बोटवाल्यांच्या ठरवलेल्या सहली घेऊ नयेत. गोव्यात होडीवाल्याशी भाव सावळेराम करतील. बेल्ह्याच्या बाजारात रुमालाखाली बोटे धरून भाव करण्यात त्यांचा हात कोणी धरत नाही. मी त्यांना फोनवरून विचारायला सांगितले होते. त्यांनी फोन कानाला लावला आणि खाली ठेवला. म्हणाले, "हात हातात न्हाई तर भाव कसा व्हईल, राव?" होडीवाल्याने रुमालाखाली हात द्यायला घाबरू नये, एवढे त्याला कोणीतरी आधी समजावून सांगावे.

(ग) गोव्याला पाणी गढूळ असले तर नुसता सराव करावा. खरे मासे कडमतला आहेत. तेथे किनाऱ्यालगत पाणी कमरेइतके असून तळ दिसतो, असे तिकिटे काढून देणाऱ्या एजंटने सांगितले आहे.

(घ) डोळ्यांवर लावायचे चष्मे तीनच घेतले आहेत. ते कालव्याच्या पाळीप्रमाणे फिरवावेत, म्हणजे शेपटाकडून, शेवटच्या टोकापासून सुरुवात करावी. वरच्याला आधी दिले की खालच्यापर्यंत पाणी पोहोचत नाही, हे मी आयुष्यभर पाहिले आहे. पहिली पाळी श्रेयाची. सावळेराम यांची शेवटची. त्यांनी कालव्यावर करतात तसे मध्येच दार उघडून पाळी घेण्याचा प्रयत्न करू नये.

(च) बायकांनी नऊवारीचा काष्टा घालून उतरावे. लंकाबाईंनी डोक्यावरचा पदर पाण्यात कसा राहणार, असे विचारले आहे. मासे सासरचे नसल्याने पदर नसला तरी चालावे.

(छ) पाण्यात पाहिलेला मासा रात्री ताटात ओळखू नये.

६. सरावाबाबत. नळ्या भाड्याने घ्यायला नकोत म्हणून गोकुळने दुकानातल्या पाइपाला एल्बो, म्हणजे वाकडा जोड लावून घरीच केल्या. पहिली नळी त्याने पुरुषभर लांब केली आणि आमच्या विहिरीच्या खालच्या पायरीवर पाण्याखाली जाऊन बसला. श्वास काही येईना. वांग्यासारखा रंग घेऊन तो वर आला आणि म्हणाला, "नाना, त्यांना सांगा, नळीवर बोट ठिवायची गरज नव्हती!"

मी गोठ्यात गेलो. गोरख धार काढत होता. तो म्हणाला, "त्याला सांगा, मी हितं हाये. आन् बोट ठिवलं आस्तं तर काढलं नसतं."

हा निरोप मी पोहोचवला नाही. आता नळ्या हातभर आहेत आणि श्वास येतो.

७. एजंटने दिलेल्या सूचनेप्रमाणे पाण्यात कोणी एकट्याने जायचे नाही. दोघांनी हात धरून जायचे, म्हणजे एक घाबरला तर दुसरा त्याला उभे करतो. त्यानुसार जोड्या अशा: वृषाली व श्रेया. सावळेराम व लंकाबाई. गोरख व गोकुळ.

मागाहून तक्रार नको म्हणून काल संध्याकाळी दोन्ही मुलांना पडवीत बसवून मी इथपर्यंतचा मजकूर वाचून दाखवला. जोड्यांपर्यंत येईतो दोघेही खाली बघत होते. मग गोरखने विचारले, "नाना, तुमी कुणासंगं?"

मी म्हणालो, "माझी जोडी गेली. मी काठावर बसेन."

नंतर गोरख म्हणाला, "त्याला म्हणावं, नानांचा हात मी धरतोय. त्यानी बसावं काठावर."

गोकुळ म्हणाला, "त्यांना म्हणावं, पवाया मला येतं. त्यांना काय, निस्तं येसण धराया येतं."

मी हे निरोप कसे द्यावेत याचा विचार करीत होतो. तेवढ्यात गोरख उठला आणि थेट गोकुळसमोर जाऊन उभा राहिला. "येसण धराया बैल ठिवलास का तू? आं?"

"एक व्हता ना! त्यो बी तुमी इकला!"

"एकट्याला काय करू? तू जुंपून घेणार व्हतास का शेजारी?"

"जुंपायचं व्हतं! इचारलं का मला एकदा तरी?"

वृषाली आतून धावत आली. "नाना, सोडवा की! आवो, मारामारी व्हईल!"

मी म्हणालो, "चालू दे." दोघे माझ्यामार्फत काही सांगत नव्हते. मी चहा घेतला. वाद जेवणापर्यंत चालला. बैलावरून आईच्या औषधांवर आला, तिथून विहिरीच्या मोटारीवर. जेवायला बसल्यावर गोकुळने गोरखला मीठ मागितले. गोरखने शिवी देऊन दिले.

हात कोणी धरायचा, हे मात्र सुटले नाही. दोघांपैकी कोणी मागे हटेना आणि मला कोणी काठावर बसू देईना. म्हणून खालील वाटणी मी विचारपूर्वक करीत आहे.

८. माझा उजवा हात गोरखकडे व डावा हात गोकुळकडे राहील. उजवा हात कामाचा असल्याने तो वाटा मोठा पडतो, अशी हरकत गोकुळने घेतली. ती योग्य आहे. म्हणून गोव्याला वरीलप्रमाणे आणि कडमतला उलट, म्हणजे उजवा गोकुळकडे व डावा गोरखकडे. ओढाताण करू नये. दोघांनी एकाच वेळी मान खाली घालावी, म्हणजे मलाही घालता येईल. चष्मा मला लावून द्यावा, कारण त्या वेळी माझ्याकडे हात शिल्लक नसतील. पाण्यातून बाहेर आल्यावर दोन्ही हात मला परत मिळावेत.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वृषालीने करावी. वरील सर्व कलमे माझ्या पश्चात लागू होतील. कलम आठ मात्र मी जिवंत असतानाच लागू करावे.

ठिकाण: निमगाव सावा
दिनांक: ८ ऑक्टोबर २००६

लिहून ठेवणार: हौशीराम सोमाजी थोरवे (सही)

हौशीराम यांनी हा मजकूर आम्हांला वाचून दाखवून आमच्या डोळ्यांदेखत सही केली आणि आम्ही त्यांच्यासमोर केली. आमचा यात कोणताही वाटा नाही.

साक्षीदार:
१. चांगदेव रखमाजी डुंबरे, राहणार ओझर, कै. कुशाबाईंचे बंधू (सही)
२. जानकू भागाजी गाडगे, राहणार निमगाव सावा (डाव्या हाताचा अंगठा)