डब्यातली पाखरं

३ फेब्रुवारी, मंगळवार

— आणि वर मलाच म्हणते, ‘काकू, मन शांत करा!’ अगं, तू यायच्या आधी शांतच होतं माझं मन! बावीस वर्षं कडा शिवायच्या ओव्हरलॉक मशीनवर बसतेय मी. बसायला लागले तेव्हा ही धाकटी मालकीण दुपट्यात होती. जेवण झालं की अर्धा तास मशीनं बंद, आम्ही अकराजणी शिवलेल्या शर्टांचे धागे कापत बसायचो. दिवसातली बोलायची वेळ तेवढीच. कुणाची सून, कुणाचा नवरा, सगळं त्या अर्ध्या तासात निघायचं. आता हिने भिंतीवर स्पीकरचा डबा टांगलाय. त्यातून म्हणे ओढा वाहतो, रान बोलतं. ऐकलं की डोकं हलकं होतं, कामात लक्ष लागतं, घरी गेल्यावर गाढ झोप येते. आणि डबा चालू असताना बोलायचं नाही! तोंडाला कुलूप! थोरल्या मालकीणबाई शेजारीच बसतात, लेकीला एक शब्द बोलत नाहीत.

४ फेब्रुवारी, बुधवार

ओढ्याचा पहिला गुण आला. एक उठली, तिच्यामागे दुसरी, मग रांगच. संडास एकच! इस्त्रीवाली तीनदा जाऊन आली. शेवटी धाकटी म्हणाली, ‘उद्यापासून ओढा कमी, पाखरं जास्त.’

६ फेब्रुवारी, शुक्रवार

डबा बिघडलाय. पाच मिनिटं ओढा, की पुढे सामसूम. आणि या बाया माना डोलवतायत! बटणवाली म्हणते, ‘किती गोड शीळ घालतंय गं.’ कॉलरवाली तर डोळे मिटून बसलेली. कसली शीळ न् कसलं काय! धाकटीपुढे गोंडा घोळायचा, दुसरं काय. मी मोठ्यांदा म्हटलं, ‘डबा बंद पडलाय, कुणाला दिसत नाही का?’ तर धाकटी — ‘काकू, किती ओरडता! पुन्हा असं केलंत तर घडीच्या टेबलावर बसवीन.’

घडीच्या टेबलावर! मी! शर्टांना घड्या घालत! माझं मशीन सोडून? बघतेच एकेकीला.

८ फेब्रुवारी, रविवार

लेकीला सांगितलं. तीसुद्धा कानात पाऊस लावून अभ्यास करते. बाहेर ऊन, आत पाऊस! म्हणाली, ‘खोटं बोलतायत ना? मग पकड त्यांना.’ शोभते माझी!

९ फेब्रुवारी, सोमवार

पकडायला गेले. डब्याची वायर माझ्या स्टुलामागच्या प्लगात आहे. ओढा संपला, बायांच्या माना डोलायला लागल्या. मी कात्री खाली पाडली, उचलायला वाकले आणि पिन उपटली. म्हटलं, डोला आता!

एकदम माना वर.

‘अय्या, पाखरं का थांबली?’ — बटणवाली.

‘आत्ता तर बोलत होती!’ — कॉलरवाली.

इस्त्रीवाली उठून डब्याला थापटायला लागली. माझ्या हातात पिन. गपचूप परत लावली. सगळ्या खूश, पुन्हा डोलायला लागल्या.

मला काहीच ऐकू आलं नाही. ना आधी, ना नंतर.

१० फेब्रुवारी, मंगळवार

भिंतीकडे तोंड करून धागे कापले. डोकं दुखतंय म्हटलं.

११ फेब्रुवारी, बुधवार

आमच्या ह्यांना सांगितलं. म्हणाले, ‘चार वर्षं सांगतोय, टीव्ही बारीक कर. तर म्हणतेस मीच पुटपुटतो.’ म्हटलं, पुटपुटताच तुम्ही! दोघंही हसलो. मग माझं हसू थांबलं. सुई मोडायच्या आधी मशीन बारीक कुईं करतं. ते ऐकलं की मी पाय उचलायची. नव्या पोरींना मीच शिकवलं हे. या वर्षात माझ्या सहा सुया मोडल्या. मी दुकानदाराला शिव्या घालत होते, सुया हलक्या देतो म्हणून!

धाकटीला कळलं तर माझ्या ओरडण्याचं निमित्तही लागायचं नाही. सरळ घडीचं टेबल.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

अर्धी सुटी घेऊन कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. कानांवर टोप्या चढवल्या, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. मी काय नापास होतेय! दाबत सुटले. त्यांनी टोपी उचलली नि म्हणाल्या, ‘मावशी, मी अजून सुरूच केलं नाही.’

मग नीट तपासलं. जाडे आवाज येतात मला, बारीक गेले. पाखरं, रातकिडे, सुईची कुईं. मशीनच्या गोंगाटाने गेले. ‘गेलं ते परत येत नाही. उरलंय ते जपा,’ म्हणाल्या. कानात घालायची रबरी बुचं दाखवली. एवढीशी बुचं! बावीस वर्षांत कुणी सांगितलं नाही.

रडले नाही. एक कप चहा प्यायले, मग दुसरा प्यायले.

१४ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी डोक्यात आलं — सोमवारी माना आठच वर झाल्या होत्या! मी धरून तीन खाली. त्या दोघी कोण? माझ्याच रांगेतल्या. दोघी ओव्हरलॉकवाल्या!

दुपारी दोघींना संडासापाशी गाठलं. ‘पाखरं ऐकू येतात का गं? खरं सांगा.’ एक म्हणाली, ‘कुठली पाखरं?’ दुसरी म्हणाली, ‘मला वाटलं, तुम्ही सगळ्या मिळून माझी गंमत करताय.’ तिघी एवढ्या हसलो, की धाकटी बघायला आली. ‘काही नाही गं, मन शांत करतोय,’ म्हटलं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

थेट थोरल्या मालकीणबाईंसमोर जाऊन उभी राहिले. हा कारखाना त्यांनी एका ओव्हरलॉकवर उभा केलाय, ते मशीन पंधरा वर्षं स्वतः चालवलं. म्हटलं, मला पाखरं ऐकू येत नाहीत, माझ्या रांगेतल्या दोघींनाही नाहीत, आणि मशीन मी सोडणार नाही. बाईंनी मान वळवून त्या डब्याकडे बघितलं. मग म्हणाल्या —

‘त्यात पाखरं आहेत?’

म्हटलं, बुचांचे बारा जोड मागवा. सगळ्यांचे कान तपासा, पहिले तुमचे. होय की नाही, शुक्रवारच्या आत सांगा!