मार्थीजची कागदपत्रं

सोमवार, ५ मे

मार्थीज जिंकली. माझी धाकटी बहीण, आणि तीही आमच्याच कसिनोत! स्लीमा शहरातलं आमचं ऑफिस बारा वेगवेगळ्या नावांनी ऑनलाइन कसिनो चालवतं, तिला काय कळणार. पैसे काढायचा तिचा अर्ज नेमका माझ्याच टेबलावर. ओळखपत्र, वीजबिल, बँकेचं पत्रक — तपासणं माझं काम. नात्यातलं कुणी असलं तर साहेबांना सांगायचं असतं. नाही सांगितलं.

रूप तिला, नवरा तिला, समुद्रासमोरचं घर तिला. आता हेही तिलाच. मी आईजवळ, आणि जुझे मामा या घरातला त्याचा अर्धा हिस्सा परक्याला विकायला निघालाय. तो आम्हीच विकत घ्यायचा तर महिनाअखेरपर्यंत मुदत आहे. मग आम्ही दोघी कुठे जाणार, देव जाणे.

बुधवार, ७ मे

वीजबिल परत पाठवलं. बिल तिच्या सासऱ्यांच्या नावावर — त्यांना जाऊन सात वर्षं झाली. आपल्याकडे नाव बदलतं कोण? आमच्या घराचं बिलही अजून बाबांच्याच नावाने येतं. पण नियम म्हणजे नियम. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं.

रविवार, ११ मे

मार्थीज जेवायला आली होती. सशाचा रस्सा. म्हणाली, "ताई, तू याच धंद्यात ना? पैसे घेताना कुणी विचारत नाही बाई तू कोण. द्यायची वेळ आली की सात पिढ्यांचे दाखले!"

मी पाव मोडत समजावलं. चोरीची कार्डं असतात, पोरं बापाच्या नावाने खेळतात, कुणी काळा पैसा धुऊन घेतं. म्हणून माणूस, पत्ता, बँकखातं एकाच नावाचं लागतं. शब्द न् शब्द खरा. खरं बोलूनही किती लबाड होता येतं.

"पैसे कसिनोच्या खात्यात नुसते पडलेत. परत खेळायला हात शिवशिवतात गं."

"काय घेणार आहेस त्यांचं?"

"आत्ता नको विचारूस."

गाडीच असणार.

मंगळवार, १३ मे

नवं बिल आलं, तिच्या नावाचं. बँकेचं पत्रकही बरोबर. ओळखपत्राच्या फोटोत एक कोपरा कापलेला, नखाएवढा. बाकीच्यांचा मी चालवून घेते. तिचा परत पाठवला.

बुधवार, १४ मे

नवा फोटो सकाळीच आला. उघडला नाही. थांबू दे.

गुरुवार, १५ मे

भाजी निवडताना आई बोलून गेली. "तुला सांगू नको म्हणाली होती. मामाचा हिस्सा मार्थीज घेतेय, तुझ्या नावावर. आधी सांगितलं तर ताईला ओशाळं वाटेल म्हणाली."

शुक्रवार, १६ मे

आठ वाजता पोचले. कोट न काढता तिचं खातं उघडलं, मंजूर करायला. अर्जच नव्हता. काल दुपारी तिनेच रद्द केलाय, वाट बघून बघून. मग खेळत बसली. शिल्लक शून्य.

फोटो उघडला. चारही कोपरे दिसतात.