सर्वांत भीषण दाढ

चामराजपेट, ३ जून २०२५

चि. चंदनास मामाचे अनेक आशीर्वाद.

सागवानी पेटी, तिची पितळी कडी, आत चार हजार दोनशे सोळा डच शब्दांची कार्डं, त्यांवरचं अक्षर: सगळं माझ्या हातचं. शिक्षक कुणी नाही. त्या पेटीच्या जोरावर मी व्हाइटफील्डच्या कंपनीत तिकडच्या मारामाऱ्यांच्या बातम्या मराठीत उतरवतो. त्या ॲपवरून परदेशी शिकणाऱ्या मुलांच्या आईबापांच्या मोबाइलवर जातात. काल तुझ्या उट्रेख्तची आली. 'एर्ख' म्हणजे वाईट, 'एर्ख्स्ट' म्हणजे सर्वांत वाईट. तिथल्या वार्ताहर पठ्ठ्याने त्यालाही 'आलर' जोडून सर्वांतलाही सर्वांत केला होता. मी लिहिलं, 'आजवरचा सर्वांत भीषण हल्ला'. तसूभर कमी नाही, जास्त नाही.

जपून राहा. माया आहेच, ती आटू देऊ नकोस.

जयसिंगमामा

उट्रेख्त, ७ जून

ती. जयसिंगमामांस सा. न. वि. वि.

तुम्हाला मेसेज म्हणजे पत्र वाटत नाही, म्हणून हाताने लिहून फोटो पाठवतेय. तुमचं भाषांतर आईने देवनहळ्ळीच्या बसमध्ये वाचलं आणि तिथेच रडली. माझं परतीचं तिकीट काढलंय अठराचं. शेवटची परीक्षा वीसला!

मामा, तो हल्ला माझ्या खिडकीखाली झाला. दोन दारुडे, एक सायकलचा पंप, एक दाढ. तीही आधीच किडलेली, असं ज्याची पडली त्यानेच पोलिसांना सांगितलं. तो वार्ताहर प्रत्येक भांडणाला असंच लिहितो. कडी मिलिमीटर मोजून बसवता, मग दाढ का नाही मोजलीत? आई माझं ऐकत नाही. म्हणते, माझा भाऊ खोटं लिहिणार नाही. आता तुम्हीच सोडवा. स्वल्प रागावलात तरी चालेल, लोभ सोडू नका.

चंदना

चामराजपेट, १४ जून

चि. चंदनास आशीर्वाद.

वर्मी लागलं. त्या वार्ताहराच्या जानेवारीपासूनच्या बातम्या काढल्या, नवी वही शिवली. आता त्याच्या प्रत्येक बातमीखाली माझी एक ओळ जाते. त्या दिवशीचीही दुरुस्त करून पुन्हा पाठवली: 'या वार्ताहराचा यंदाचा अकरावा सर्वांत भीषण हल्ला. नुकसान: एक दाढ, किडकी.' तुझी आई, कल्पनाअक्का, वाचून हसली, मग मला शिव्या दिल्या, मग तुझं तिकीट रद्द केलं. निवांत परीक्षा दे.

आईबाप घाबरायचे थांबले, तसे ॲप उघडायचेही थांबले. आमचे साहेब देवव्रत, वय एकतीस, म्हणाले की ती ओळ काढा, जमलं तर पदरचं एखादं 'आलर' घाला, सरी? ठीक ना? विभागप्रमुख करतो.

पास होऊन ये. मामावरचा विश्वास तेवढा राहू दे.

जयसिंगमामा

ता. क. नाही म्हटलं. मला आजवर आलेला सर्वांत मोठा देकार होता. हे 'सर्वांत' तपासून लिहिलं आहे: महिना एक लाख दहा हजार.