किटलीतले मूठभर तांदूळ

आई, काल तुझी नात मला विचारत होती, "ममा, हाऊ डिड स्ट्रेंजर्स ईव्हन ट्रस्ट यू?" मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीतच, यात तुझ्या वेळेपासून काडीचा फरक पडलेला नाही. हल्ली ती फोनवर बोट फिरवून जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातून वस्तू मागवते आणि मला शिकवायला बसते. म्हणून मी तिला सांगितलं, की अशा वस्तू जगभर पाठवायचा उद्योग तुझ्या आजीने आणि मी इथे बहारीनमध्ये, माहूजच्या फ्लॅटमध्ये कधीच करून ठेवलाय, आणि लोकांनी विश्वास ठेवला तो आजीवर, माझ्यावर नाही. ती हसली. तिला वाटलं, मी गेलेल्या माणसाबद्दल बोलतात तसं गोडगोड बोलतेय. मग मला राहवेना. सकाळची कामं आटोपून हे लिहायला बसले आहे.

बाबा गेले आणि मी तुला चिपळूणहून इकडे घेऊन आले, तेव्हा तू घरात पाहुणीसारखी वावरायचीस. सोफ्याच्या कडेला बसायचीस. दुसरी पोळी वाढली की ताटावर हात धरायचीस. "मुलीच्या घरी किती दिवस बसून खायचं?" हे तुझं पालुपद. जावई बिचारा शिफ्टवरून आला की तू उठून आत जायचीस, आणि तो मला विचारायचा, "माझं काही चुकलं का?" तुझं तिकीट काढायचा विषय दर शुक्रवारी निघायचा आणि मी तो दर शुक्रवारी टाळायचे. चिपळूणच्या बंद घरात तू एकटी राहणार, हे मला सहन होणारं नव्हतं. पण तो विषय निघाला की मी व्हिसा, भाडं, विमान असलं काहीतरी बोलत बसायचे.

त्याच सुमाराला मला त्या लिलावाच्या वेबसाइटचा नाद लागला. ऑफिसात कॉम्प्युटर शिकले होते, घरीही एक आणला होता. इंटरनेट चालू केलं की फोन बंद, म्हणून शेजारीण दार वाजवून बोलायला यायची. मनामाच्या जुन्या बाजारात पितळेच्या अरबी कॉफीच्या किटल्या मिळायच्या, त्या लांब चोचीच्या, आणि त्यांच्यासाठी कॅनडा, जर्मनी, जपानमधली माणसं बोली लावायची. आपण फोटो काढायचा, रोल धुऊन आणायचा, ऑफिसच्या स्कॅनरवर चढवायचा, आणि मग प्रश्नांना तोंड द्यायचं. जपानच्या गृहस्थांना झाकणाचा व्यास मिलिमीटरमध्ये हवा असायचा. जर्मनीच्या बाई तीनतीनदा विचारायच्या, चीर नाही ना? बहारीन कुठे आहे, हेच निम्म्यांना ठाऊक नव्हतं. पैसे पाठवले आणि वस्तू आलीच नाही तर कुणाच्या नावाने बोटं मोडायची, ही त्यांची भीती रास्तच होती. आपल्याकडे दाखवायला एकच गोष्ट होती, आधीच्या गिऱ्हाइकांनी नावापुढे लिहिलेले चार चांगले शब्द.

आणि तिथे तू मैदानात उतरलीस. मी "उत्तम स्थितीत" असं टाइप करत होते आणि तू मागून किटली हातात घेऊन म्हणालीस, "उत्तम कुठली? बुडाला पोचा आहे. मुठीचा खिळा मागाहून बसवलाय. सांग त्यांना." मी म्हटलं, "आई, असं सांगितलं तर कोण घेईल?" तू म्हणालीस, "घेईल तो परत भांडायला यायचा नाही." भाजीवाल्याच्या टोपलीतली प्रत्येक भेंडी मोडून बघणारी तू, तुझ्या नजरेतून काय सुटणार! मग तू दोष सांगायचे आणि मी ते इंग्रजीत लिहायचे, असा रिवाजच पडला. बाजारात तर तू दुकानदाराशी हिंदीत घासाघीस करायचीस, तो "खलास, अम्मा, खलास" म्हणत हात जोडायचा आणि तू आणखी एक वस्तू उचलायचीस. बांधाबांधही तुझीच. जुन्या सुती साड्यांच्या पट्ट्या, वर कागद, वर खोका, त्याला दुहेरी सुतळी. तिकिटाचा विषय निघेनासा झाला. एकदा जावयाकडे तू आपणहून चहा मागितलास आणि मी स्वयंपाकघरात जाऊन एकटीच हसले.

मग ऑस्ट्रेलियाचं पार्सल झालं. आतापर्यंतची आपली सगळ्यात मोठी, सगळ्यात देखणी किटली. घेणाऱ्या बाईंनी आठवडाभर प्रश्न विचारले होते आणि मी कस्टम्सच्या फॉर्मवर ठसठशीत लिहिलं होतं: पितळेची किटली, एक, रिकामी. तीन आठवड्यांनी त्यांचा मेल आला. तिकडच्या कस्टम्सने पार्सल अडवलं होतं, कारण आत न सांगितलेलं धान्य सापडलं होतं. त्यांना खुलासे द्यावे लागत होते आणि किटली हातात पडेल की नाही, याची खात्री नव्हती. शेवटी लिहिलं होतं, मी तांदूळ मागवले नव्हते.

मला आधी काही उमगेचना. मी मेलचा छापील कागद हातात घेऊन स्वयंपाकघरात आले. तू पोहे निवडत होतीस. "आई, किटलीत तांदूळ घातले होतेस?" तू मान वर न करता म्हणालीस, "मूठभर. हळद लावून." "पण का?" आता मात्र तू माझ्याकडे पाहिलंस, मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलं असावं तसं. "अगो, घरातून भांडं बाहेर जातंय. रिकामं कसं पाठवायचं?"

पुढे मी जे बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. "हे चिपळूण नाही, शेजारच्या काकूंना वाटी परत करतेयस का तू? माझं नाव खराब केलंस. यापुढे पार्सलला हात लावायचा नाही." तू निवडलेले पोहे डब्यात भरलेस, डब्याचं झाकण लावलंस, हात धुतलेस. म्हणालीस, "बरं. माझं तिकीट काढ." त्या दिवशी तू दुपारी जेवलीस ते अर्धी भाकरी, आणि संध्याकाळी तुझी बॅग कपाटावरून खाली आली.

मी त्या बाईंना माफीचा मेल लिहिला. आमच्याकडे घरातून भांडं रिकामं देत नाहीत, माझ्या आईने ते भरून दिलं, चूक माझी, मी तिला तुमच्याकडचे नियम सांगितले नव्हते. लिहिताना आधारासाठी म्हणून जुन्या गिऱ्हाइकांचे शेरे काढून बघितले. जर्मनीच्या बाईंनी लिहिलं होतं, सुंदर बांधणी आणि आतल्या छोट्या भेटीबद्दल आभार. जपानच्या गृहस्थांनी लिहिलं होतं, हे पार्सल एका घरातून आलं आहे. मला वाटलं होतं, साडीच्या पट्ट्यांबद्दल म्हणताहेत. मी तुझ्या खोलीच्या दाराशी येऊन विचारलं, "आधीच्या भांड्यांतही घातले होतेस?" तू साडीची घडी घालत म्हणालीस, "सगळ्यांत." मला रडू यायला लागलं आणि मी शिंक आल्याचं सोंग केलं.

तुझं विमान आठ दिवसांवर होतं तेव्हा मी ऑफिसमधून घरी आले आणि तुला म्हटलं, "ऑस्ट्रेलियाच्या बाईंचं उत्तर आलंय." तुला समोर बसवून वाचून दाखवलं: किटली मिळाली. तांदूळ कस्टम्सवाल्यांनी काढून घेतले, पण चोचीत दोन दाणे अडकून राहिले होते, ते टेबलावर पडले. माझ्या घरात आजवर कुणी भरलेलं भांडं पाठवलं नव्हतं. तुमच्या आईंना सांगा, मला आणखी एक किटली हवी आहे, ती त्यांनीच बांधावी.

तू पुन्हा वाचायला लावलंस. मग गंभीरपणे म्हणालीस, "चोच अरुंद होती, अडकले असतील." थोड्या वेळाने म्हणालीस, "लिही तिला. तांदूळ चालत नसतील तर राहू देत, ओटीतला खण तरी चालेल ना? कापडाला तर कीड नाही." मी तू सांगशील तसं टाइप करत गेले. शेवटी तू म्हणालीस, "आणि लिही, मी आहे इथेच." बॅग त्याच संध्याकाळी पुन्हा कपाटावर गेली. त्यानंतर आपल्या प्रत्येक फॉर्मवर मी दोन वस्तू लिहायला लागले, पितळेचं भांडं एक, सुती कापड एक. तू सात वर्षं राहिलीस. दुसरी पोळी मागून घ्यायला लागलीस. गेलीस तीही इथूनच, तुझ्या खोलीतून, जावयाचा हात हातात धरून. मागे वळून बघते तेव्हा मला समाधानच वाटतं, आई.

फक्त एक राहिलंय, आणि हे पत्र कुठे टाकायचं नाही म्हणूनच लिहवतंय. ऑस्ट्रेलियाहून उत्तर आलंच नव्हतं. त्या बाईंनी माझ्या नावापुढे लाल शेरा मारला आणि विषय संपवला. तू सांगितलेलं पत्र मी कधीच पाठवलं नाही. माझ्या हातात त्या दिवशी होता तो ऑफिसच्या सुट्ट्यांचा तक्ता, आणि त्यावर नजर ठेवून मी तुला ते सगळं वाचून दाखवलं. आई, मला सोडून जाऊ नकोस, एवढंच म्हणायचं होतं. तेवढं म्हणायला मला परक्या देशातली बाई लागली.