घाबरू नका!

९ फेब्रुवारी

नाही म्हणजे नाही! तू काय समजून घेणार? कोरा कागद तू. तुला आतडं तरी आहे का? पिशवीवाल्या सिस्टरने ही वही माझ्या हातात कोंबली म्हणून लिहितोय. 'लिहीत जा, मन मोकळं होतं.' मन! पोट तर तुम्ही लोकांनी आधीच मोकळं केलंत, बाई.

बरं, ऐक. आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन, पोटावर शौचाची पिशवी लागून आठ महिने झाले, केमो संपून दोन. आज सर्जनने नवा स्कॅन बघितला. 'सध्या काही दिसत नाही.' मला त्यातलं फक्त 'सध्या' ऐकू आलं.

मग विचारतो, 'वडील कशाने गेले?'

'मूळव्याधीने.'

त्याने चष्मा काढला. 'मूळव्याधीने कुणी मरत नाही हो.'

बाबा गेले तेव्हा मी सहा वर्षांचा, ताई तेराची. घरात तेवढंच सांगायचे. आम्ही तेवढंच पाठ केलं.

'सख्खी भावंडं?' एकच. ताई. 'तिच्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी करून घ्या. याच महिन्यात. त्रास नसला तरी.' चिठ्ठी लिहून दिली.

ताई बाहेर बाकावर. 'काय म्हणाले?' म्हटलं, 'काही दिसत नाही म्हणाले.' ती तिथेच रडली, ओढणीत नाक शिंकरून. चिठ्ठी माझ्या खिशात.

१० फेब्रुवारी

चिठ्ठी खिशात.

१३ फेब्रुवारी

सकाळी टूथपेस्टवरून तमाशा. 'पुन्हा मधोमध दाबलीस! खालून गुंडाळत यायचं, किती वर्षं सांगू?' ताईच्या हातातली कुठलीही ट्यूब शेवटी पुंगळी होते. माझ्या ट्यूबा कंबर मोडलेल्या. आरशामागच्या कप्प्यात मूळव्याधीच्या मलमाची माझी ट्यूब अजून आहे, तशीच कंबर मोडून पडलेली, अर्धी भरलेली. दीड वर्ष लावलं ते. आत गाठ वाढतेय आणि मी मलम लावतोय! ऑपरेशननंतर हात लावला नाही. टाकवतही नाही.

पोटावरच्या पिशवीला ताई 'जावई' म्हणते. 'जावई आज शांत आहेत.' 'जावई रुसले वाटतं.' काल शेजारीण बसलेली असताना पिशवीने मोठ्ठा आवाज केला. ताई लगेच, 'बोला जावईबापू!' शेजारीण बिचारी दाराकडे बघत राहिली. मी इतका हसलो की पोट धरावं लागलं. जावयासकट.

आणि आता हिला मी ती चिठ्ठी दाखवू?

१८ फेब्रुवारी

दुकानात गेलो. पूर्वी ब्रशने पाट्या रंगवायचो. केमोने बोटं बधिर झाली. थंड शटरला हात लावला की करंट बसल्यासारखं होतं. गेल्या महिन्यात मारलेली शिरोरेघ बघून कटर म्हणाला, 'ही काय कपडे वाळत घालायची दोरी का रे?' कटर म्हणजे मशीन नाही, मशीन चालवणारा माणूस. आता मी कॉम्प्युटरवर अक्षरं मांडतो, तो ती चिकट प्लास्टिकमधून कापतो. माझा हात त्यात कुठेच नाही.

आज मालकाने कागद पुढे सरकवला. नाक्यावरच्या मूळव्याधवाल्या वैद्याची पाटी वाऱ्याने उडालीय, नवीन हवी. मजकूर तोच. 'मूळव्याध! रक्त पडतंय? घाबरू नका!'

ती जुनी पाटी मीच रंगवलेली. शेवटचं उद्गारचिन्ह तर त्याने मागितलंही नव्हतं. जागा उरली म्हणून मी टाकलं, लाल.

मला रक्त पडायला लागलं तेव्हा मी कुणालाच विचारलं नाही. रोज जाता-येता माझीच पाटी मला सांगत होती ना.

२२ फेब्रुवारी

ताई शाळेचे युनिफॉर्म शिवायला जाते. दिवसभर स्टुलावर. हल्ली घरीही उशी दुमडून तिच्यावर बसते. 'स्टूल टोचतं रे. वय झालं.' वय! एक्केचाळीस.

आज धीर केला. 'ताई, तूही एकदा तपासून घे ना.'

'काय तपासून?'

'असंच. सगळं.'

'मला काय धाड भरलीय? घरात एक पेशंट आहे तो बास.' आणि उठून जावयांचं सामान काढायला गेली.

चिठ्ठी खिशातच. तुझ्याशी कशाला खोटं बोलू, बरं वाटलं! या घरात आजारी माणसाची खाट एकच आहे आणि ती मी अडवून बसलोय. ती आजारी पडली तर माझी पिशवी कोण बदलणार? हे खरोखर मनात आलं. याच शब्दांत.

हे पान फाडणार आहे.

२३ फेब्रुवारी

नाही फाडलं.

२७ फेब्रुवारी

पुढचा स्कॅन मे महिन्यात. तोवर काय? सगळे म्हणतात, 'वाचलास!' कटर म्हणाला, शेजारीण म्हणाली, मालकानेही पाठीवर थाप मारली. वाचलो म्हणजे काय ते कुणीतरी नीट सांगा. जेवताना घास मोजतो. शिंकताना पोटावर हात ठेवतो. पुढच्या हिवाळ्याचा स्वेटर घेऊ का, असं ताईने विचारलं तर उगाच तिच्यावर खेकसलो.

कशात काही नाही.

३ मार्च

आज ती पाटी केली. 'रक्त पडतंय?' खाली एकच शब्द मांडला. 'घाबरा!' कटरकडे दिला.

त्याने अर्धं कापल्यावर बघितलं. 'अरे, "नका" कुठे गेलं?'

'तसंच आहे.'

मालक आला. आधी हसला, मग नाही हसला. 'तुझं दुखणं मला कळतं रे. पण लोकांच्या पाटीवर नको. नीट करून दे.'

कटर खाली बघत होता. मला वाटलं, आता मी उठेन, काहीतरी बोलेन, निदान खुर्ची तरी पाडेन.

करून दिली. 'नका'. दोन अक्षरं. उद्गारचिन्हासकट.

४ मार्च

फेब्रुवारी संपला. 'याच महिन्यात' म्हणाला होता सर्जन. चिठ्ठी घडीवर फाटायला आलीय. पाटी चढली म्हणे. लांबून वाचता येते.

५ मार्च, सकाळी

पिशवीची चिकटपट्टी सापडेना म्हणून आरशामागचा कप्पा उघडला. मलमाची ट्यूब. खालून गुंडाळलेली, पार मानेपर्यंत. पुंगळी.

मी मधोमध दाबतो.

ताई दारात, टॉवेल घेऊन. माझ्या हाताकडे बघून म्हणाली, 'थोडंसंच आहे रे. मूळव्याध. बाबांना होती ना.'

'कधीपासून?'

'तुझं सगळं चाललेलं, त्यात माझं कुठे...'

'ताई, कधीपासून?'

ती बोटांवर महिने मोजायला लागली. एका हाताची संपली, दुसरा हात घेतला.

चिठ्ठी तिच्या हातात दिली. म्हटलं, 'घाबर, ताई. खूप घाबर. आणि कपडे बदल.'

ती बदलतेय. आतून विचारतेय, 'जावयांचं सामान घेतलंस का?' घेतलं. आज माझं मी घेतलं.

तू काही बोलू नकोस. निघालो.